मुलुंडची एक सोसायटी, तिचा पुनर्विकास आणि आवारातली 46 झाडं

मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी आमची सोसायटी आहे. भूखंड साधारण चार हजार चौरस मीटरचा, त्यावर तळमजला अधिक तीन मजल्यांच्या तीन इमारती आणि 72 सदनिका. ताबा 1978 साली मिळाला. तेव्हा लोक इथे का आले, याचं उत्तर जुने सभासद एकाच प्रकारे देतात: गिरगाव-परळच्या खोलीपेक्षा जागा मोठी होती, भाव परवडत होता आणि खिडकीतून हिरवं दिसत होतं. आज त्या इमारती पाडून तिथे उंच इमारत उभी राहते आहे. या प्रक्रियेत आवारातल्या झाडांचं काय झालं, कुठे काय वाचलं आणि कुठे हातातून गेलं, हे इथे सविस्तर लिहितो आहे. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या शेकडो सोसायट्या आज याच टप्प्यावर आहेत आणि बहुतेकांना झाडांचा प्रश्न फार उशिरा आठवतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पुनर्विकासात झाडांचा निकाल पहिल्या नकाशावरच लागतो. महापालिकेची नोटीस खोडावर चिकटते तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. ज्यांना झाडं राखायची आहेत त्यांनी निविदा निघायच्या आधी कामाला लागलं पाहिजे.

परिसर

मुलुंड म्हणजे बृहन्मुंबईचं ईशान्येचं टोक. चेकनाका ओलांडला की ठाणे. 1957 मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, पण मुलुंडची आखणी त्याच्याही आधीची, 1920 च्या दशकातली. स्टेशनजवळचे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते त्या वेळचे. पश्चिमेला डोंगर आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्यामुळे आमच्याकडे माकडं फणसाच्या हंगामात हमखास येतात, उंबर पिकला की धनेशाची जोडी दिसते, आणि अधूनमधून बिबट्या दिसल्याचे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात. पाऊसही शहराच्या दक्षिण टोकापेक्षा इथे जास्त जाणवतो.

ही हिरवाई दोन प्रकारची आहे, हे समजून घेतलं पाहिजे. डोंगरावरच्या जंगलाला कायद्याचं संरक्षण आहे. वस्तीतली झाडं मात्र बहुतांशी सोसायट्यांच्या आवारात आहेत. रस्त्यावरून चालताना जी सावली मिळते तिचा मोठा भाग कुंपणाच्या आतल्या फांद्यांचा असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत, तसतशी ही दुसरी हिरवाई जाते आहे. डोंगर तिथेच असल्यामुळे ते पटकन लक्षात येत नाही.

पहिला नकाशा

इमारतीला तीस वर्षं झाली की महापालिकेच्या नियमाने स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. आमच्या ऑडिटमध्ये इमारती धोकादायक ठरल्या नाहीत, पण मोठी दुरुस्ती निघाली. कॉलमचं प्लास्टर सुटलेलं, आतल्या सळ्या गंजलेल्या, तिसऱ्या मजल्यावर प्रत्येक पावसात गळती. दुरुस्तीचा अंदाज ऐकून सभासदांनी पुनर्विकासाकडे मोर्चा वळवला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत सत्तरी ओलांडलेली माणसं तिसऱ्या मजल्यावर राहत होती. पुनर्विकास नको असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय झाला असता, आणि झाडांसाठी धडपडणाऱ्या आमच्यापैकीही कोणी तसं म्हटलं नाही.

रीतसर पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, नेमला गेला. त्याने व्यवहार्यता अहवाल दिला आणि सोबत एक ढोबळ नकाशा. पायाभूत एफएसआय (भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येतं याचं प्रमाण), प्रीमियमचा एफएसआय, टीडीआर (दुसऱ्या भूखंडावरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क), फंजिबल, पुनर्विकासाचा प्रोत्साहनपर एफएसआय असं सगळं धरून वीसेक मजल्यांचा टॉवर बसत होता. त्याखाली दोन मजली तळघर, तेही कुंपणभिंतीपासून दीड मीटर सोडून थेट पलीकडच्या कुंपणापर्यंत. कोपऱ्यात झाडांचा तक्ता होता: राखायची 4, हलवायची 17, तोडायची 25. राखायची चारही झाडं म्हणजे पश्चिम भिंतीच्या टोकाचे उंच अशोक.

त्या नकाशात कुणाचा दुष्टावा नव्हता. आर्किटेक्टला झाडांची जागाच माहीत नव्हती. भूखंडाच्या मोजणीत इमारती, कुंपण, विहीर, गटाराची चेंबर्स होती, खोडं नव्हती. कागदावर जी वस्तू नाही तिच्याभोवती कोणी नकाशा कसा काढणार? तक्त्यातले आकडे वॉचमनला विचारून भरले होते.

झाडांना घालवतो तो टॉवर, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या नकाशावरून दिसलं की टॉवरच्या पावलाखाली येणारी झाडं 46 पैकी जेमतेम डझनभर होती. बाकीची जात होती ती तळघरामुळे आणि गाड्यांच्या रस्त्यामुळे. टॉवर उंच जातो, जमिनीवर फार पसरत नाही. तळघर मात्र अख्खा भूखंड खाली उतरवतं. त्याच्यावर माती टाकून लॉन केलं तरी ती स्लॅबवरची माती असते. तिच्यात जास्वंद वाढेल, जांभूळ वाढणार नाही.

यादी

आम्ही तिघांनी झाडांची नीट यादी करायचं ठरवलं. साधन म्हणजे शिंप्याची टेप, खडू आणि एक मोठा कागद. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, जात लिहायची, कुंपणाच्या दोन भिंतींपासूनचं अंतर टिपायचं. यादीत आले 9 नारळ, 11 उंच अशोक, 6 आंबे, 4 जांभळं, 3 फणस, 3 सोनमोहर, 2 वर्षावृक्ष (रेन ट्री), 2 बदाम, 2 शेवगे आणि उंबर, कडुनिंब, गुलमोहर, सुबाभूळ प्रत्येकी एक. दुसरा एक गुलमोहर 17 मे 2021 ला तौक्ते वादळात मुळासकट पडला होता, एका सभासदाच्या गाडीवर. त्याचा उल्लेख पुढे येईल.

फाटकाजवळच्या वर्षावृक्षाचा घेर भरला 3.1 मीटर. म्हणजे व्यास जवळजवळ एक मीटर. बांधकामाच्या वेळी झाडाची मुळं राखायची असतील तर खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ खोदकामातून वगळावं, असा एक ढोबळ नियम वृक्षतज्ज्ञ वापरतात. त्या हिशेबाने या एका झाडाला बारा मीटर त्रिज्या, म्हणजे सुमारे 450 चौरस मीटर जमीन लागते. आम्ही ते वर्तुळ खडूने जमिनीवर आखलं. ते फाटकातून आत येणाऱ्या रस्त्याला पूर्ण गिळून ए विंगच्या जिन्यापर्यंत पोचलं. फाटकाकडून येणारे सभासद थांबून विचारायला लागले. झाड म्हणजे खोड, अशी आपली नजर असते. त्याचा खरा पसारा जमिनीवर पांढऱ्या रेषेत दिसला तेव्हा चार माणसं गप्पा मारायला उभी राहिली. दहा व्हॉट्सॲप संदेशांनी जे झालं नसतं ते त्या रेषेने केलं.

त्याच वेळी हेही स्पष्ट झालं की सगळी झाडं वाचणार नाहीत. दोन विंगांच्या मधला दुसरा वर्षावृक्ष बरोबर टॉवरच्या गाभ्यात येत होता, लिफ्ट आणि जिना जिथे असतो तिथे. त्याला वाचवायचं तर टॉवरच दुसरीकडे न्यायला हवा आणि मग मागची अकरा झाडं जातात. आम्ही मागची अकरा निवडली. झाडांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी असा हिशेब मांडायची तयारी ठेवली पाहिजे, नाहीतर सभेत त्यांचं कोणी ऐकत नाही.

मागच्या बाजूला जुनी विहीर होती, तिच्या काठी उंबर, आणि भिंतीला लागून चार आंबे, तीन फणस, तीन जांभळं. भूखंडाचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात दाट भाग. आमची मागणी त्यावरून ठरली: नियमाने जी मोकळी जागा सोडावीच लागते ती भूखंडाच्या मागे, याच झाडांखाली धरा. ही मागणी करताना सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा एक निकाल उपयोगी पडला. मुंबईतल्याच एका प्रकल्पाच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं होतं की नियमाप्रमाणे द्यायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या छतावरची, बाग तिच्यात मोजता येणार नाही. पुढे नव्या नियमावलीत तपशील बदलत गेले, पण सभेत हा मुद्दा सगळ्यांना समजला. मोकळी जागा कुठेतरी सोडायचीच आहे तर ती झाडं आहेत तिथेच सोडूया, यात कोणाचंच नुकसान दिसत नव्हतं.

विरोध

विरोध होता आणि तो ऐकून घेण्यासारखा होता. तळमजल्यावरच्या काकूंनी भर सभेत विचारलं, "पावसात चेंबर तुंबतं, मुळं पाइपात शिरतात, घरात घाण पाणी येतं, तेव्हा तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली बघायला येता का?" त्यांच्या बाथरूमची लादी उंबराच्या मुळांनी उचलली होती. ज्यांच्या गाडीवर गुलमोहर पडला ते म्हणाले, उद्या तिथे मूल असतं तर? सेक्रेटरी काकांचा मुद्दा सरळ होता: "सभासदांना मत आहे, झाडांना नाही. मी सभासदांना बांधील आहे."

भीतीला उत्तर द्यायचं तर झाड तपासून द्यावं लागतं. एका वृक्षतज्ज्ञाकडून प्रत्येक मोठ्या झाडाची तपासणी करून घेतली. गुलमोहर मुळात मादागास्करचा, त्याची मुळं उथळ पसरतात, आणि आमच्या आवारात खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवल्यामुळे ती एका बाजूने कापली गेली होती. म्हणून तो पडला. उरलेला गुलमोहर आणि पोकळ झालेला एक सोनमोहर धोक्याचे निघाले. आम्ही स्वतःहून ते तोडायच्या यादीत टाकले. या एका गोष्टीने सभेतलं वातावरण बरंच निवळलं. सगळीच झाडं वाचवा असा हट्ट नाही, हे लोकांना दिसलं. फाटकाजवळचा वर्षावृक्ष निरोगी होता, फक्त रस्त्यावर झुकलेल्या दोन फांद्यांचा भार कमी करायला हवा होता. खासगी आवारातली छाटणीसुद्धा महापालिकेच्या परवानगीनेच करावी लागते आणि खर्च सोसायटीचा असतो. हे बहुतेक सभासदांना पहिल्यांदाच कळलं.

काकूंच्या चेंबरचा प्रश्नही खरा होता. नव्या नकाशात सांडपाण्याची लाइन झाडांच्या विरुद्ध बाजूने, पूर्वेकडून न्यायची अट घातली. त्यानंतर काकू आमच्या बाजूने बोलायला लागल्या असं नाही, पण विरोधात बोलल्या नाहीत.

साडेतेरा चौरस फूट

सगळं प्रकरण इथे येऊन थांबलं, म्हणून याला थोडी जास्त जागा देतो.

झाडांची यादी, खोडांच्या जागा दाखवणारा नकाशा आणि चार अटी असं एक परिशिष्ट आम्ही निविदेला जोडावं असा प्रस्ताव दिला. अटी अशा: तळघर फक्त टॉवरच्या खाली आणि एकच मजली, मोकळी जागा मागे, झाडांखाली, फाटक पूर्वेकडे सरकवायचं, म्हणजे गाड्यांचा आणि अग्निशमन दलाच्या बंबाचा रस्ता वर्षावृक्षाच्या मुळांवरून जाणार नाही, आणि राखायच्या झाडांसाठी विकासकाने वेगळी बँक गॅरंटी द्यायची.

बंबाच्या रस्त्याचा मुद्दा ऐकायला किरकोळ वाटतो, पण आडवा येतो तो तोच. उंच इमारतीभोवती बंब फिरेल अशी किमान सहा मीटर रुंद जागा मोकळी आणि कडक लागते, बंबाचं वजन पेलेल अशी. एकदा ती आखली की त्यातलं झाड वाचवता येत नाही, कारण प्रश्न जिवाचा असतो आणि तो तसा असलाच पाहिजे. म्हणून झाडं वाचवायची तर ती जागा आधी, कागदावर, दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र आल्यावर नकाशा बदला म्हणून कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

तळघर कमी झालं म्हणजे गाड्या कुठे लावायच्या? उत्तर होतं यांत्रिक टॉवर पार्किंग. त्यावर ज्येष्ठ सभासद नाराज झाले. वीज गेली तर? यंत्र बिघडलं तर रात्री दवाखान्यात कसं जायचं? हा आक्षेप योग्यच होता. शेवटी असं ठरलं की पासष्ट वर्षांवरील आणि अपंग सभासदांना टॉवरखाली जमिनीच्या पातळीवर साधी पार्किंग मिळेल, बाकीच्यांना यांत्रिक.

पहिल्या नकाशाच्या आधारे विकासकांनी तोंडी सांगितलेला आकडा होता, जुन्या चटईक्षेत्रावर 35 टक्के वाढ. परिशिष्ट जोडल्यावर ज्या निविदा आल्या त्यांतली सगळ्यात चांगली 32 टक्क्यांची. आमची सदनिका सरासरी 450 चौरस फुटांची. तीन टक्के म्हणजे साडेतेरा चौरस फूट, एका कपाटाची आणि त्याचं दार उघडायची जागा.

हा आकडा झाकून ठेवायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. सभेच्या सूचनापत्रासोबत तो प्रत्येक सभासदाला लेखी दिला: झाडं राखायची तर तुमच्या घरातले साडेतेरा चौरस फूट कमी होतील. मुंबईत साडेतेरा चौरस फुटांची किंमत काय होते हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. दोन मुलं आणि आईवडील असलेल्या कुटुंबाला ते फूट हवे होते, आणि त्यांनी विरोधात मत दिलं तर त्यांना दोष देता येत नाही.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 अ खालच्या 2019 च्या शासन निर्णयानुसार अशा सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते. निबंधकांचा प्रतिनिधी हजर होता, चित्रीकरण चालू होतं. 72 पैकी 61 सभासद आले. परिशिष्टासह निविदेच्या बाजूने 43, विरोधात 18.

त्या 43 जणांत झाडांवर विशेष प्रेम असलेले किती, हे मला सांगता येत नाही. काहींनी उन्हाचा विचार केला. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी सावली असणं आणि नसणं यातला फरक तिथे राहणाऱ्यांना ठाऊक होता. काहींना वाटलं की झाडं असलेल्या इमारतीला भाव चांगला येईल. काहींनी दोन मजली तळघरात पावसाचं पाणी शिरण्याची धास्ती घेतली. 26 जुलै 2005 इथे कोणी विसरलेलं नाही. आणि काही जण कडेच्या फणसाखाली लहानाचे मोठे झाले होते. ठराव मंजूर व्हायला एवढी सगळी कारणं एकत्र यावी लागली.

कायद्याची मदत

महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा 1975 चा. 2021 च्या दुरुस्तीने त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं. आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात, तीही सहा ते आठ फूट उंचीची, सात वर्षं निगा राखण्याच्या बंधनासह. पूर्वी एका झाडामागे मोजकी रोपं लावून भागायचं. आता चाळीस वर्षांचं झाड म्हणजे चाळीस रोपं, त्यांची जागा, त्यांचं पाणी, त्यांचा हिशेब. विकासकाच्या खर्चात हे दिसायला लागल्यावर त्याच्या आर्किटेक्टनेच आणखी दोन अशोक वाचवायचा मार्ग सुचवला.

वर्षावृक्षाचं वय हा वेगळा प्रश्न झाला. इमारती 1978 च्या, म्हणून झाडही तेव्हाचं असं कागदावर धरलं गेलं होतं. तसं असतं तर ते पन्नाशीच्या आत राहिलं असतं. एका काकूंच्या अल्बममध्ये सोसायटीच्या सुरुवातीच्या गणेशोत्सवाचा कृष्णधवल फोटो सापडला. मांडवाचा दोर ज्या खोडाला बांधला होता ते खोड तेव्हाच मोठ्या माणसाच्या कवेत मावणार नाही इतकं जाड दिसतं. म्हणजे झाड सोसायटीच्या आधीचं, इथे बंगली होती तेव्हाचं. फोटोची प्रत अर्जासोबत जोडली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी घेर मोजला, फोटो पाहिला आणि झाड वारसा वृक्ष म्हणून नोंदवलं. जुने फोटो असा पुरावा ठरू शकतात. ज्यांच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा आहे त्यांनी लग्नाचे, मुंजीचे, गणपतीचे अल्बम आत्ताच चाळून ठेवावेत.

नकाशा महापालिकेत गेल्यावर रीतसर नोटीस वर्तमानपत्रात आली, झाडांवर चिकटवली गेली, हरकतींना सात दिवस मिळाले. तोवर बहुतेक कुटुंबं भाड्याच्या घरात गेली होती. भाडं विकासक देत होता आणि काम जितकं लांबेल तितकं परत यायला उशीर. अशा वेळी कोणता सभासद हरकत घेईल? बाहेरचे लोक आरडाओरडा करतात आणि आतले सभासद त्यांच्यावर चिडतात, हे चित्र अनेक ठिकाणी दिसतं ते यामुळेच. आमच्याकडे हरकत आली नाही, कारण भांडण आधीच होऊन गेलं होतं. अंतिम तक्ता होता: राखायची 19, हलवायची 6, तोडायची 21. परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस करवत लावता येत नाही; ते पंधरा दिवस पाळले गेले.

हलवायच्या झाडांबद्दल थोडं. "हलवायची" हा शब्द नकाशावर फार सोयीचा असतो. मोठा आंबा मुळांसकट उपटून ट्रकवर घालून दुसरीकडे लावला की तो जगेलच याची खात्री कोणी देत नाही, आणि मेट्रोच्या कामात आरेत हलवलेल्या झाडांतली बरीच मेली हे मुंबईने पाहिलं आहे. पहिल्या नकाशातली 17 झाडं खरं म्हणजे तोडायचीच होती. आम्ही त्या रकान्यात फक्त सहा नारळ राहू दिले. नारळाची मुळं झुबक्यासारखी असतात, नवी फुटतात, म्हणून ताडवर्गातली झाडं हलवणं तुलनेने सोपं जातं. सहांपैकी पाच तगले.

खोदकाम सुरू झाल्यावर

काम सुरू होताना राखायच्या झाडांभोवती पत्र्याचं कुंपण घातलं गेलं. पहिल्या पावसाळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. नंतर जागा अपुरी पडली तसं मागचं कुंपण थोडं थोडं आत सरकलं. आधी सळ्यांचा ढीग फणसाखाली आला, मग वाळू. काँक्रीट घेऊन येणाऱ्या मिक्सरचा ड्रम धुतलेलं पाणी त्याच बाजूला सोडलं जायचं. सिमेंटचं ते पाणी अतिशय अल्कधर्मी असतं आणि मातीत मुरून वर करडा थर जमतो. मधल्या फणसाची पानं आधी कडेने करपली, मग शेंडा वाळला, आणि पुढच्या हंगामात त्याला एकही फणस धरला नाही. झाड मेलं. उरली 18.

हे लक्षात आलं ते भाड्याने जवळच राहणारे एक सभासद रोज संध्याकाळी चक्कर मारायचे म्हणून. त्यांनी फोटो काढले होते, तारखांसह. बँक गॅरंटीतून त्या झाडाची रक्कम वळती झाली आणि तेव्हा कुठे कुंपण जुन्या जागी गेलं. गॅरंटीची अट घातली त्या वेळी सेक्रेटरी काका म्हणाले होते की ही विश्वास नसल्याची भाषा आहे, विकासक नाराज होईल. रक्कम वळती झाल्यावर मिक्सर धुण्यासाठी दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या बाजूला वेगळा खड्डा खणला गेला. करारातल्या सभ्य शब्दांपेक्षा ती गॅरंटी उपयोगी पडली.

दुसरी अडचण पाण्याची. खोदकामातलं पाणी सतत उपसल्यामुळे आसपासची जमीन कोरडी पडते. विहीर राखली होती, पण तिची पातळी उन्हाळ्यात खूप खाली गेली. उंबराने एप्रिलमध्येच पानं गाळली. आठवड्यातून दोनदा टँकरचं पाणी मागच्या पट्ट्यात सोडायला सुरुवात केली. हा खर्च कोणाच्याच हिशेबात नव्हता. तो सोसायटीने आपल्या शिल्लक निधीतून केला. परिशिष्टात पाचवी अट हवी होती, बांधकामाच्या काळात झाडांना पाणी देण्याची. शेजारच्या गल्लीतल्या सोसायटीने आमचं परिशिष्ट मागून नेलं तेव्हा ती अट त्यात घालून दिली.

अजून बाकी

टॉवरचे स्लॅब पडत आहेत, ताबा पुढच्या वर्षी अपेक्षित आहे. सध्या वाद चालू आहे तो जमिनीवरच्या सजावटीचा. विकासकाच्या लँडस्केप आराखड्यात मागच्या पट्ट्यात आंब्यांच्या खोडापर्यंत टाइल, त्यावर बाकं आणि मधे नकली गवताचा चौकोन आहे. म्हणजे खोदकामातून वाचलेली मुळं फरशीखाली गुदमरणार. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत खोडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. तो आधार घेऊन आम्ही लिहिलं आहे, पण आमची मागणी त्याहून जास्त आहे: मागचा पट्टा पूर्ण मातीचा राहावा, चालायला मुरुमाची वाट असावी, पडलेली पानं तिथेच एका खड्ड्यात कुजवावीत.

काही तरुण सभासदांना नकली गवत हवं आहे, मुलांना खेळायला चिखल नको म्हणून. त्यांचीही मुलं लहान आहेत, त्यांचंही ऐकावं लागेल. पूर्वेच्या बाजूला, जिथे झाडं नाहीत, तिथे खेळण्याची जागा करावी असा मधला प्रस्ताव तयार केला आहे. तो पुढच्या विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आहे, आणि त्यासोबत देखभाल निधीत झाडांसाठी वेगळी तरतूद करण्याचा ठरावही. बँक गॅरंटी भोगवटा प्रमाणपत्रानंतर तीन वर्षांनी सुटते. तोवर दर पावसाळ्यानंतर वृक्षतज्ज्ञाची तपासणी करायची आहे.